एकाच चाकाचे बोल्ट वारंवार तुटतात? पिकअपची डिस्क बदलताना काय पाहायचं

गेल्या वर्षभरात माझ्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाचे बोल्ट तीन वेळा तुटले. पहिल्यांदा एक गेला, तो पंक्चर काढताना दिसला. दुसऱ्यांदा दोन गेले. तिसऱ्यांदा नारायणगावहून ८० क्रेट टोमॅटो भरून वाशीला निघालो होतो. माळशेज उतरलो आणि टोकावड्याच्या जरा अलीकडे मागून टक्-टक्-टक् सुरू झालं. गाडी हळू केली की आवाज हळू, वाढवली की जलद. उतरून बॅटरी मारली तर पाचातले तीन बोल्ट गायब, उरलेल्या दोघांचे नट बोटाने फिरत होते आणि डिस्कची, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या लोखंडी चाकाची, भोकं लांबट झालेली. रात्री अडीचला दुसरी गाडी बोलावून माल तिच्यात चढवला. भाडं तर गेलंच, पहाटेचा बाजारही हुकला.

तिन्ही वेळा मी एकच उपाय केला होता. नवे बोल्ट ठोकले आणि गाडी लाइनला लावली. तुमचंही असंच चाललं असेल तर पुढचं वाचा. बोल्ट हा आजार नसून ताप आहे, हे कळायला मला वर्ष आणि बरेच पैसे लागले.

लोकांनी सांगितलेली कारणं

मार्केटात आणि गॅरेजवर मिळून तीन उत्तरं मिळाली. लोड जास्त टाकतोस. बोल्ट लोकल आहेत. पंक्चरवाला हवेच्या गनने नट आवळतो.

तिन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. लोडचं तर मलाच हसू आलं. ८० क्रेट म्हणजे २० किलोच्या हिशोबाने १६०० किलो, एवढंच आम्ही सगळे धरतो. रिकाम्या क्रेटचं वजन कुणी धरत नाही. दीड किलोचा क्रेट म्हटला तरी ८० क्रेटचे १२० किलो होतात. शिवाय ताडपत्री, दोर, स्टेपनी आणि बाजूला बसलेला शेतकरी. पण उजव्या चाकावरही तेवढाच भार पडतो, तिकडचे बोल्ट पहिल्या दिवसापासून आहेत तेच आहेत. बोल्ट म्हणाल, तर दुसऱ्या वेळी पुण्याला नाना पेठेत जाऊन चांगले आणले होते, त्यांतलाही एक पाच महिन्यांत गेला. आणि गन काही एकाच चाकाला लावत नाहीत.

एकाच जागचा बोल्ट परत परत तुटत असेल तर त्या जागेत काय वेगळं आहे, ते शोधायला हवं. वेगळं एकच होतं. त्या चाकाची डिस्क कंपनीची नव्हती. आळेफाट्याच्या पुढे खड्ड्यात मूळ डिस्क वाकली, तेव्हा मी भंगारातून दोन जुन्या डिस्क आणल्या. एक बसवली, एक स्टेपनीला ठेवली. पाच भोकं पाच बोल्टांत गेली, म्हटलं बसली.

तुटलेला बोल्ट टाकून देऊ नका

हा सगळ्यात स्वस्त पुरावा. तुटलेलं तोंड पुसा आणि उजेडात बघा. माझ्या बोल्टाचा तोंडाकडचा बराचसा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, त्यावर बारीक कमानी, झाडाच्या खोडात वर्षांच्या रेषा असतात तशा. फक्त एका कडेला चिमूटभर जागा खडबडीत आणि चकचकीत होती. याचा अर्थ तो एका फटक्यात तुटलेला नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला इकडून तिकडे वाकत, चीर हळूहळू आत सरकत गेली, आणि शेवटी उरलेली कड तुटली. काळपट भाग म्हणजे आधीच चिरलेला, गंज चढलेला. चकचकीत भाग त्या रात्रीचा.

याउलट गनने जास्त आवळून तुटलेला बोल्ट मानेपाशी ताणून बारीक झालेला दिसतो, त्याचे आटे लांबलेले असतात आणि तोंड सगळीकडून एकसारखं राखाडी, खरखरीत. तसं दिसलं तर पंक्चरवाल्याशी भांडा. कमानी दिसल्या तर चाक हलतंय, आणि ते का हलतंय हे शोधायचं.

इथे एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे. चाक बोल्टांवर लटकत नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि डिस्क तिच्या मागच्या ब्रेकच्या ड्रमवर दाबून धरतो. १२ मिमीचा बोल्ट १०० न्यूटन-मीटरला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत दहा केजीला, कोरड्या आट्यांवर आवळला की साधारण चार टनांचा दाब तयार होतो. पाच बोल्टांचे वीस टन. या दाबामुळे डिस्क आणि ड्रम एकमेकांना घट्ट चिकटून राहतात आणि गाडीचं वजन त्या चिकटण्यावर चालतं. डिस्क ड्रमवर सपाट टेकलीच नसेल तर वजन बोल्टांवर येतं, आणि बोल्ट त्यासाठी केलेले नसतात.

शेंदूर लावून बघा

आधी सोपी चाचणी केली. दोन्ही मागच्या चाकांची अदलाबदल केली आणि रिकामी गाडी चाळीस किलोमीटर फिरवली. आता उजव्या बाजूचे नट पाव फेरा सैल झाले, डावीकडचे जागेवर. म्हणजे हब (एक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) ठीक, ड्रम ठीक, दोष डिस्कसोबत फिरतोय.

डाव्या बाजूचं एक राहून जाईल म्हणून सांगतो. साध्या आट्याचे नट डाव्या चाकावर सुटण्याकडे जरा जास्त झुकतात. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना त्याचसाठी उलटे आटे असत, आणि नवखा मेकॅनिक ते सोडवायला जाऊन आणखी आवळून ठेवत असे. आताच्या गाड्यांत चाक नीट बसलं असेल तर हा फरक जाणवत नाही. तेव्हा 'डावं चाक आहे, सुटणारच' असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या आणि शोध चालू ठेवा.

नंतर आमच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ड्रमचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासला, शेंदूर तेलात कालवून बोटाने पातळ थर दिला, डिस्क चढवली, पाचही नट हाताच्या पान्याने आवळले आणि परत उतरवली. 'आता डिस्कची पाठ बघ,' म्हणाले. कंपनीच्या डिस्कवर बोल्टांभोवती पूर्ण लाल कडं उमटलं होतं. भंगारातल्या डिस्कवर बाहेरच्या कडेला दोन चंद्रकोरी, बस्स. बोल्टांच्या आसपास कोरडं ठाक. आणि मधल्या मोठ्या भोकाच्या काठावर घासून चमकलेली एक रेघ.

दुखणं त्या रेघेत होतं. हबचा मधला उंचवटा ड्रमला जिथे मिळतो, तिथे मुळाशी थोडी गोलाई असते. कंपनीच्या डिस्कच्या भोकाला पाठीमागून तिरकी धार मारलेली, त्यामुळे ती गोलाईवरून सरकून सपाट टेकते. या डिस्कला धारच नव्हती आणि भोकही नखभर लहान. ती गोलाईवर चढून बसत होती आणि ड्रमपासून जेमतेम एक मिमी दूर राहत होती. भर म्हणून विकणाऱ्याने तिला ऑइलपेंटचे दोन जाड हात मारले होते. नट आवळले की घट्ट लागायचे. रंग दबला, डिस्क लवली की दाब गेला.

'धार मारून देतो,' काका म्हणाले, 'पण बोल्टाची भोकं लांबट झाली त्याचं काय? ती बुजवून मिळत नाहीत. टाक भंगारात परत.' वेल्डिंगने भोकं भरून देणारे आहेत. माल वाहणाऱ्या गाडीला ते करू नका, एवढंच सांगतो.

नवी डिस्क घ्यायला जाताना

कंपनीचीच नवी लोखंडी डिस्क मिळत असेल आणि परवडत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. पार्ट नंबर द्या आणि घेऊन या. मी शेवटी तेच केलं. पण जुनी घेणार असाल, किंवा अलॉय, म्हणजे मिश्रधातूची डिस्क, टाकायची हौस असेल, तर खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, एक सरळ पट्टी आणि मूळ डिस्कची मापं लिहिलेला कागद ठेवा. दुकानदार 'साहेब, सेमच आहे' म्हणणारच.

बोल्टांचं वर्तुळ, ज्याला सगळे पीसीडी म्हणतात, ते आधी. सहा भोकांच्या डिस्कवर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. ८२.१ मिमी आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच, जुन्या जीपपासून जिप्सीपर्यंत चालत आलेलं माप. ६७.२ आलं तर ११४.३. अंदाजाने चालू नका, कारण ११२ आणि ११४.३ या दोन मापांत शेजारच्या भोकांमधला फरक दीड मिमीसुद्धा नाही. चुकीची डिस्कही बोल्टांत शिरते, नट तिला ओढून बसवतात, आणि दर किलोमीटरला बोल्ट वाकत राहतो.

मधलं भोक. पीसीडी जुळलं की लोक इथेच थांबतात, मीही थांबलो होतो. टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स दोघांचेही सहा बोल्ट, दोघांचंही वर्तुळ १३९.७. पण हायलक्सचं मधलं भोक १०६.१ मिमी आहे आणि डी-मॅक्सचं त्याहून लहान. भोक लहान पडलं तर माझ्यासारखं होतं. मोठं असेल तर चाक फक्त नटांच्या तिरक्या टोकांवर मध्यात येतं. आवळताना जरा इकडेतिकडे झालं की ५५-६५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, आणि बॅलन्सिंग कितीदाही करा, जात नाही. अशा वेळी भोकात बसणारी रिंग मिळते. ती ॲल्युमिनियमची घ्या. घाट उतरताना ड्रम इतका तापतो की प्लास्टिकची रिंग मऊ पडू शकते.

मग ऑफसेट. डिस्कवर ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. कोरलेला नसेल तर डिस्क पालथी टाका, काठावर पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. काठापासून काठापर्यंतच्या एकूण रुंदीच्या निम्मे त्यातून वजा करा. माझ्या सहा इंची डिस्कची एकूण रुंदी १७७ मिमी, खोली ११४. म्हणजे ईटी पंचविसाच्या आसपास. मित्राने घेतलेली सात इंची: रुंदी २०३, खोली १०१, ईटी शून्य. त्याच्या चाकाची बाहेरची कड माझ्यापेक्षा जवळजवळ ४० मिमी बाहेर जाते.

दिसायला गाडी रुबाबदार दिसते, खोटं कशाला बोलू. पण टायरचा मध्य प्रत्येक बाजूला २५ मिमी बाहेर सरकला की तेवढ्या लांबीची टॉमी, म्हणजे पहार, सतत बेरिंगवर लावून धरल्यासारखं होतं. त्याचं मागचं बेरिंग दोनदा झालंय. वळताना पुढचा टायर मडगार्डला घासतो, आणि पावसात चिखल थेट दाराच्या काचेवर. फिटनेसला गाडी नेली की मडगार्डबाहेर आलेलं चाक सगळ्यात आधी नजरेत भरतं, ते निराळंच. हब आणि डिस्कच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालून हीच गंमत करणारे आहेत. लोडच्या गाडीला स्पेसर या विषयावर मी चर्चाही करत नाही.

भार किती सोसेल

मागच्या एक्सलवर गाडीसकट २००० किलो येत असतील तर एका डिस्कवर १००० येतात, तेही गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळल्यावर किती होतात, ते खड्डाच जाणे. चांगल्या डिस्कच्या पाठीवर कमाल भार कोरलेला असतो. कारच्या अलॉयवर मी ६९० किलो असा आकडा पाहिला आहे. अशी अलॉय पिकअपला भोकं जुळतात म्हणून बसवणं म्हणजे दुभत्या गाईला नांगराला जुंपणं. अलॉयवर जेडब्ल्यूएल अशी जपानी खूण असते, ती प्रवासी गाड्यांच्या चाचणीची. ट्रक आणि बसच्या चाचणीची खूण वेगळी, जेडब्ल्यूएल-टी. शेवटचा तो टी आहे का बघा. आकडाही नाही आणि खूणही नाही, अशी डिस्क कितीही स्वस्त असली तरी तिथेच ठेवा.

टायरवरही भाराचा आकडा असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. मापाआधी हा आकडा वाचा. एकाच मापाचा टायर एसयूव्हीच्या बांधणीतही मिळतो आणि लोडच्या बांधणीतही, आणि दुकानातल्या रांगेत दोन्ही सारखेच काळे दिसतात.

डिस्क बदलताय तर टायर थोडा मोठा टाकू, हा मोह सगळ्यांना होतो. २१५/७५ आर १५ ची उंची ७०३ मिमी, २३५/७५ आर १५ ची ७३३. गाडी फक्त १५ मिमी उचलली जाते, पण मीटरवर ६० दिसताना तुम्ही साडेबासष्टने जात असता आणि चढावर एक गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. रिकाम्या गाडीला चालेल. भरलेल्या गाडीने घाट चढणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि ट्यूबलेस टाकणार असाल तर डिस्कच्या आतल्या बाजूला, टायरची कड बसते त्याच्या अलीकडे, बोटाला उंचवटा लागतो का बघा. ट्यूबच्या जुन्या डिस्कला तो नसतो. त्यावर ट्यूबलेस चढतो, हवाही धरतो, आणि वळणावर हवा कमी असताना कड सोडून बसतो.

नट

यावर वेगळं लिहायला हवं, कारण अर्धे घोळ इथे होतात. नटाचं टोक तिरकं असतं, गोलाकार असतं, किंवा सपाट असून खाली वायसर असतो. डिस्कच्या भोकाचा बसका, म्हणजे नट टेकतो ती जागा, नेमका तसाच हवा. गोल बसक्यात तिरका नट घातला तर तो कडेच्या एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट, शंभर किलोमीटरवर सैल. नट काढून त्याच्या टोकावरची घासलेली जागा बघा. रुंद पट्टा असेल तर बरोबर, केसाएवढी रेघ असेल तर नट चुकीचा.

आटेही तपासा. १२ मिमीत दीडचा पिच आणि सव्वाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) दोन्ही मिळतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथून पुढे गन त्याला घेऊन जाते. नट नेहमी हाताने सुरू करा. दीडच्या पिचला निदान आठ फेरे बसले पाहिजेत. अलॉय जाड असते, त्यामुळे जुन्या बोल्टावर पाच-सहाच फेरे मिळाले तर लांब बोल्ट घालावे लागतील. तसंच चालवू नका.

बसवताना ड्रम आणि डिस्कची पाठ तारेच्या ब्रशने घासा. टेकणाऱ्या जागेवर आणि नटाच्या बसक्यात रंग नको. बाकी डिस्क हवी तेवढी रंगवा. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. जॅकवर असतानाच एकाआड एक नट आवळा, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत न्या. १२ मिमीच्या बोल्टाला तो बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पन्नास ते शंभर किलोमीटरवर परत एकदा पाना लावा. मी नटावरून डिस्कवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. चहाला थांबलो की नजर टाकायची, रेघ मोडली असेल तर नट फिरलाय.

एक बोल्ट तुटला असेल तर त्या चाकाचे पाचही बदला. शेजारच्यांनी त्याचा भार वाहिलेला असतो आणि त्यांच्यात चीर पडली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. मी दुसऱ्या वेळी दोनच बदलले होते. टोकावड्याला गेलेल्या तिघांतले दोन जुने होते.

अलॉय टाकली आणि स्टेपनी लोखंडीच ठेवली, तर लोखंडी डिस्कचे पाच नट एका डब्यात घालून सीटखाली ठेवा. अलॉयचे नट त्या स्टेपनीला नीट बसतीलच असं नाही, आणि हे रात्री अडीचला कळून उपयोग नसतो. माझी स्टेपनी म्हणजे भंगारातून आणलेल्या जोडीतली दुसरी डिस्क होती. तिलाही शेंदूर लावून बघितला, तिच्यावरही चंद्रकोरीच उमटल्या. आता ती गोठ्यात पाण्याच्या टाकीखाली आहे.